तांबड्या पिंपाचा वळसा

आधी देवरावभाऊंचं नाव घेतो. चुडाव्याचे देवरावभाऊ. त्यांनी मला जवळ केलं नसतं तर मी महिन्याभरात रत्नागिरीकडच्या माझ्या गावी पळून गेलो असतो. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

शाळा सहावीतच सुटली. वडील मच्छीमार, तेव्हा शीड आणि सुकाणू एवढंच मला येत होतं. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मी परभणी जिल्ह्यातल्या एका धरणावर रोजंदारीला आलो. घर इतकं लांब, की सुट्टीचा विचारही करायचा नाही. लोकांचं बोलणं अर्धंच कळायचं. देवरावभाऊ तिथंच मजूर. त्यांच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली तीन पोरं, आणि पोरांच्या पंगतीत चौथा मी. वैनींच्या ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि भाऊ हसायचे — "समिंदरवाल्याला ठेचा सोसंना."

धरणात साचलेल्या पाण्यावर मी त्यांना शीड शिकवलं. रानातला माणूस, पण वारा माझ्याआधी ओळखायचे.

धरण भरलं तशी धरणावरच्या साहेबांनी शर्यत ठेवली. एका वेळी दोनच शिडाच्या नावा, एकेक माणूस. शेवटी जिंकेल तो धरणाच्या नावेवर कायमचा नावाडी. शेवटी उरलो कोण? आम्ही दोघं. तीन डाव खेळायचे.

आणि नियम — नियम मीच सुचवला होता. हे कसं सांगू? वळायच्या जागी एक तांबडं पिंप तरंगत ठेवलं होतं. मी म्हणालो, आमच्याकडे पाण्यावर पंच नसतो. ज्याची नाव खुणेला लागेल त्यानं आपणहून हात वर करायचा, पुन्हा वळसा घालायचा. नाही घातला तर डाव गेला.

पहिल्या डावात भाऊंची नाव पिंपाला जेमतेम घासली. मलासुद्धा दिसलं नव्हतं. त्यांनी हात वर केला, पुन्हा वळसा घातला, हरले. दुसरा डाव त्यांनी मारला.

तिसऱ्या डावात पिंपाशी आम्ही एकमेकांना चिकटूनच आलो. माझं सुकाणू जरा उशिरा फिरलं. धक्का पार माझ्या मांडीपर्यंत आला — लाकडाला लोखंड लागल्याचा. हात वर करायचा होता. एवढंच तर करायचं होतं ना? हात सुकाणूवरच राहिला. आणि तरीही भाऊ माझ्याआधी काठाला लागले.

काठावरून सगळ्यांना पिंप हललेलं दिसलं होतं. कुणाच्या नावेनं, ते दिसलं नव्हतं. पण मघाशी देवरावची लागली, तर आताही त्याचीच — लोकांनी ठरवून टाकलं. खरं बोलल्याचं हे फळ. कुणीतरी म्हणालं, "देवराव, तू आपला नांगर धर बाबा." लोक हसले. भाऊसुद्धा हसले. मग साहेबांना शांतपणे म्हणाले, "त्यालाच इचारा सायेब. लबाड बोलायचा न्हाई त्यो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊही — अगदी निर्धास्त.

मी म्हणालो, "माझी नाही लागली."

नाव हातची जाईल ही भीती होती, खरंय. पण भीती त्यांना नव्हती? तीन पोरं कुणाची होती?

त्या दुपारी मी त्यांच्या घरी गेलो नाही. थोरल्या पोरीच्या हाती भाकरी आली. फडक्यात बांधलेली, ठेच्याच्या जागी गुळाचा खडा — मला सोसत नाही म्हणून. आणि मी ती खाल्ली.

महिन्याभरात खोली रिकामी करून ते चुडाव्याला परतले. नाव मला मिळाली. अजून तीच चालवतो. शर्यती अजून होतात, आणि नवीन पोरांना तो नियम मीच शिकवतो — आपणहून हात वर करायचा.

भाऊ आता थकलेत म्हणतात. त्यांचं देणं मी एक दिवस फेडीन. शर्यतीच्या दिवशी त्यांना या काठावर घेऊन येईन. लोक जमलेले असतील, पिंप तरंगत असेल. त्यांच्यादेखत, सगळ्यांदेखत, मी हात वर करीन.