शेजारच्या खाटेवरचा डबा

नेरूळच्या एका रुग्णालयात वडिलांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिची सून रोज दुपारी तुर्भ्याहून डबा घेऊन यायची. डबा एकच आणि त्यात बहुतेक तेच: लाल भोपळा घालून शिजवलेली मूगडाळीची मऊ खिचडी. ती खाटेवर मांडी घालून बसायची. एक घास सासूला, एक स्वतःला. मधूनच चिडवायची, "आत्याबाई, हळू! माझ्या वाटनीचं ठेवा की." म्हातारी हसायची आणि डबा रिकामा व्हायचा.

मी सकाळी उठून सूप, दलिया आणि बिनतिखटाची भाजी करून आणायचो. वडील दोन घास घेऊन तोंड फिरवायचे. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वडील मात्र टक लावून तिच्या डब्याकडे पाहत. मला त्या बाईचा राग येई.

एकदा तिने विचारलं, "दादा, तुमी जेवला?"

"नंतर. आधी यांचं होऊ दे."

"समोर मानूस उपाशी उभं असल्यावर त्यांना घास उतरंल व्हय?"

मी वडिलांच्या तोंडाशी पुन्हा चमचा नेला.

तिची सासू घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी भोपळ्याची खिचडी नेली, वडिलांशेजारी बसलो आणि पहिला घास स्वतः खाल्ला. त्यांनी तोंड उघडलं. अर्धा डबा संपला.

"खिचडी बरी झालीय," रिकाम्या खाटेकडे पाहत ते म्हणाले. "पण तिच्या खिचडीला लसणाचा वास यायचा."