पहिला वारा

बोर्डीला नविनशेठच्या चिकूवाडीत एक म्हातारी मिनीबस उभी होती आणि तिच्यावर चिमणचा जीव होता. बायकोवर नव्हता असं नाही. पण गंगी उलट बोलायची, बस बोलत नसे. नविनशेठच्या वडिलांनी, म्हणजे बापूजींनी, हौसेने तिच्यातल्या सीटा काढून दोन पलंग आणि ओटा बसवून घेतला होता. त्या चाकांवरच्या घरातून बापूजींनी मुलूख पालथा घातला आणि तलासरीच्या डोंगरातून आलेल्या चिमणने ते घर उभी उमर हाकलं. बापूजी गेले, बस चिंचेखाली थांबली आणि ड्रायव्हर चिमण वाडीचा राखणदार झाला.

दोन हजार सोळाच्या भादव्यात नविनशेठ म्हणाला, "चिमणभाय, शनिवारी भंगारवाल्याला घेऊन येतो."

चिमणच्या तोंडचं पाणी पळालं. "शेठ, पाव्हण्यांची खोली केली तर? बोर्डीला पर्यटक येतातच की."

"बत्ती नाय, पंखा नाय. झोपणार कोण?"

"ते मी करतो."

"कर. शनिवारी बघतो. पंखा फिरला तर ठेवू."

झालं, चिमण कामाला लागला. डहाणूच्या बाजारातून त्याने इन्व्हर्टरची वापरलेली, पण जीव शिल्लक असलेली बॅटरी आणली. इंजिनच्या बॅटरीला तो हात लावणार नव्हता. एकदा बापूजींनी तिच्यावर रात्रभर रेडिओ ऐकला होता आणि सकाळी मालक-नोकराला मिळून बस ढकलावी लागली होती. म्हणून घराची बॅटरी वेगळी. ती त्याने भोकं पाडलेल्या लाकडी खोक्यात पट्ट्याने आवळून बसवली, लाल वायर निघते तिथेच फ्यूज घातला, पुढे दिवे आणि पलंगांवर एकेक छोटा पंखा. शेजारी मीटर. बारा व्होल्टच्या खाली आकडा गेला की सगळं बंद करायचं. मग पंपाच्या खोलीतून वायर ओढून त्याने बॅटरी चार्जिंगला लावली. शुक्रवारी बॅटरी भरली, चार्जर काढला आणि पंखे भिरभिरले तेव्हा गडी लहान पोरासारखा हसला.

शनिवारी सकाळी तो गाद्यांच्या खोळी आणायला डहाणूला निघाला. जाताना गंगीला म्हणाला, "कशाला हात लावू नको." गंगीला असं सांगणं म्हणजे मुद्दाम आवतण देणं, हे इतक्या वर्षांत त्याला कळायला हवं होतं.

चहाच्या वेळेला परतला तर बसमधले सगळे दिवे भर दिवसा पेटलेले, पंखे रेंगाळत फिरतायत आणि मीटरचा आकडा बाराच्या खाली.

"आगं, हे काय केलंस?"

"नवी काकडी देवाला दाखवल्याबिगर खातूस का कधी? मंग नवा वारा आपण आधी कसा खायचा? सकाळधरनं देवाला दिलाय."

"एवढा येळ?"

"देवाला काय चमचाभर वारा देऊ?"

चिमणला भयंकर राग आला. पण काकडीचं खोटं म्हणता येईना. तो स्वतःही ती कधी आधी खात नसे. चार्जर लावायला तो पंपाच्या खोलीकडे धावला, तर वीज गेलेली. आणि तेवढ्यात फाटकाशी शेठची गाडी.

नविनशेठ भंगारवाल्याला घेऊनच आत चढला. बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. भंगारवाला बाहेर उतरून पत्र्यावर टकटक करू लागला. पंख्यावरच सगळं ठरलेलं, आणि पंखाच मेला.

गंगी पुढे झाली. ती कुणालाच अहोजाहो करत नसे. "शेठ, वारा संपला. तुझ्या बापाने खाल्ला."

"काय?"

"नवं असलं की आधी देवाला द्यायचं, मंग गेलेल्या माणसांना. आमची माणसं चुलीपाशी येतात. तुझा बाप कुठं येणार? त्याचा जीव तर हितंच होता."

खिडकीजवळच्या पलंगावर, बंद पडलेल्या पंख्याखाली, केळीच्या पानावर काकडीच्या फोडी होत्या आणि बशी झाकलेला चहाचा कप. बापूजी प्यायचे तसा, बिनसाखरेचा.

नविनशेठ समोरच्या पलंगावर टेकला. त्याने कपावरची बशी उचलून बघितली. त्याच्या घरी वडिलांचा फोटो होता, त्याला रोज हार पडत होता. पण चहा कुणी ठेवला नव्हता. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

बाहेरून भंगारवाल्याने हाक मारली, "शेठ, पत्रा मजबूत हाय. सोमवारी टेम्पो आणू ना?"

"नको," नविनशेठ म्हणाला. "बापूजी आत बसलेत. त्यांना उतरा म्हणून कोण सांगणार?"