आवाजफेरी आणि ह्यांचा पंचा

आमची नात पुण्याच्या कॉलेजात आवाज गोळा करायला शिकते. मी उभी नोकरी शाळेत पोरांना ‘गप बसा’ म्हणण्यात घालवली, त्यामुळं हा अभ्यासक्रम माझ्याच पापाचं प्रायश्चित्त म्हणून निघाला असावा अशी मला शंका आहे. त्यात रस्त्यानं चालायचं, कानावर येईल ते यंत्रात भरायचं, आणि मग गल्लीचा नकाशा काढून कुठं काय ऐकू आलं त्याच्या खुणा करायच्या. इंग्रजीत त्याला मोठं नाव आहे. मी आपलं आवाजफेरी म्हणते.

पोरीनं पुण्यात केलेली पहिली आवाजफेरी तिच्या सरांनी परत केली. रिक्षांचे भोंगे कुणीही आणील, म्हणाले, जिथं तुमची माणसं राहतात तिथले आवाज आणा, रविवारी संध्याकाळी सहाच्या आत. इकडं तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, तुळजापुरातून फोनवरच निकाल लावून ठेवला होता. “यात नापास झालीस तर सामान उचलायचं आन् घरी यायचं. डी.फार्मसीला घालतो. ते रस्त्यानं मुक्यासारखं हिंडायचं खूळ बास.” शनिवारी एसटीतून उतरून पोर धाराशिवला आमच्या दारात उभी राहिली, ती अशी तोंड सुकवून.

तिनं मला नियम सांगितले. गल्लीत राहणाऱ्या माणसानं यंत्र घेऊन पुढं चालायचं, तिनं नकाशा घेऊन दहा पावलं मागं. वीस मिनिटं सलग. मधलं काही कापायचं नाही, आणि चालणाऱ्या दोघींनी एक अक्षर बोलायचं नाही.

“आजी, जमेल ना तुला?”

मला का जमणार नाही? या गल्लीतून गप्प चालण्याचा मला जुना अनुभव आहे. तो सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगते.

लग्न होऊन सोलापुरातून आले तेव्हा मी मॅट्रिक पास होते, आणि ते चेहऱ्यावर लिहून फिरत होते. आमच्या गल्लीत दारावरून जाणाऱ्याला ‘कुठं निघालाव?’ विचारायची रीत आहे. उत्तर कुणालाच नको असतं. ‘हितंच’ म्हटलं तरी चालतं, ‘बसा’ म्हटलं तरी चालतं, हजेरी लागली की झालं. त्या मॅट्रिक बयेला मात्र वाटलं, हा आपल्या खाजगी आयुष्यावर घाला आहे. सुशिक्षित बाई रस्त्यात बोलत नाही, असं तिनं स्वतःच्या मनानंच ठरवलं. मान ताठ, नजर समोर, तोंडाला कुलूप. तीन महिन्यांत गल्लीनं निकाल दिला: सून मुकी निघाली, सोलापूरकरांनी फसवलं. इज्जत वाचवायला सासूबाईंनी सांगून टाकलं, “मुकी न्हाय, मौनाचं व्रत हाय तिचं.” आता व्रत म्हटलं की उद्यापन आलं. सगळ्या गल्लीच्या सवाष्णी पुरणपोळी जेवून गेल्या, आणि पाट्यावर पुरण वाटून वाटून मॅट्रिक बयेचे खांदे निखळले. शेवटची पंगत उठल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आता तरी बोल गं माय, का आजून एक उद्यापन करायचंय?” त्या दिवशी मी जी बोलायला लागले ती या रविवारपर्यंत थांबले नव्हते.

इतकी अद्दल घडूनही अक्कल आली का? ऐका.

रविवारी सकाळी अंगणात चाचणी घेतली. पोर म्हणाली, “आजी, बांगड्याच वाजतायत नुसत्या.” मी साबण लावून बांगड्या उतरवल्या. मग चप्पल फटफटते म्हणाली. चप्पल काढली, तर जोडवी फरशीवर टकटक करायला लागली. तीही काढली. कानावर ते दोन वाट्यांसारखे हेडफोन चढवल्यावर मी माकडखेळातली दिसायला लागले, म्हणून पदर डोक्यावरून पार भुवयांपर्यंत ओढला. यंत्रात वाऱ्याची भसभस जाऊ नये म्हणून त्याला एक केसाळ टोपी असते, ती पोर होस्टेलवर विसरून आली होती. मग दोरीवरचा ह्यांचा पांढरा पंचा ओढला, यंत्राभोवती गुंडाळला, आणि हलू नये म्हणून ते गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. हा पंचा ह्यांच्या खांद्यावर नसलेला गल्लीनं कधी बघितला नाही. हे तेवढ्यात आंघोळीला गेले होते. नळाला आठवड्यानं पाणी आलं होतं, आणि अशा दिवशी हे आंघोळ करत नाहीत, स्वतःला अभिषेक करतात.

आता गल्लीच्या डोळ्यांनी बघा. ओकेबोके हात, अनवाणी पाय, कपाळ पदरात, नवऱ्याचा पंचा छातीशी, आणि मागून नात मान खाली घालून. तीस वर्षं मुलांना निरीक्षण शिकवलेल्या बाईला घराबाहेर पडताना यातलं काही दिसलं नाही. तिचं सगळं लक्ष काही वाजत तर नाही ना, याकडं.

पहिलं दार शेजारणीचं. सडा टाकता टाकता ती म्हणाली, “बाई, कुठं निघालाव?”

नियम म्हणजे नियम. मी पुढं. तिची नजर माझ्या मनगटावर गेली. तिच्या हातून बादली पडली, तो आवाज यंत्रात फार सुंदर आलाय.

पुढं शिंप्याचं दुकान. “शरणार्थ, बाई,” मशीन चालवता चालवता त्यांनी नमस्कार घातला. मी नुसती मान हलवली, मान काही वाजत नाही. मशीन थांबलं. “भाऊसाहेब बरे हैत न्हवं?” हे तहसीलमधून रिटायर झाले तरी सगळ्यांचे अजून भाऊसाहेबच आहेत. मी उत्तर काय देणार? त्यातच डोळ्यात धूळ गेली आणि मी पंच्याच्या टोकानं डोळा पुसला. शिंपी उठून उभे राहिले आणि खिशातून फोन काढला. मला वाटलं, आवाजफेरीचा मान ठेवतायत.

उलगडा झाला पिठाच्या गिरणीपाशी. गिरणी नेमकी बंद होती, दळणाला नंबर लावलेल्या बायका डबे घेऊन बसल्या होत्या. मी आणखी वीस पावलं लांब असताना त्यांची कुजबुज हेडफोनमधून थेट माझ्या कानात आली.

“कवा गेले म्हनं?”

“पहाटंच आसंल. काल तर टमाटे घेताना बघितलं की मी त्यास्नी.”

“मानूस लई गरीब. तोंडातनं कवा उणा शब्द न्हाय.”

हे! ज्यांच्या ओरडण्याला भिऊन पोस्टमन पत्र फाटकातून फेकून जातो ते.

“माती किती वाजता हाय?”

“लेक आल्याबिगर कशी व्हईल?”

“तुळजापूर काय लांब हाय व्हय? पन त्यो सणाबिगर तोंड दावत न्हाय. बापाच्या मातीला तरी येळंवर येतोय का बगा.”

एवढं झाल्यावर त्या मला बघून गप्प झाल्या, आणि एकीनं पदर तोंडाला लावला.

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. ‘अगं बायांनो, जिता हाय माझा नवरा’ एवढं म्हटलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण बारा मिनिटं झाली होती. बोलले असते तर ती वाया, आणि उन्हं वर चढल्यावर परत फेरी कुठली? पोरीचं वर्ष माझ्या जिभेवर होतं. हे कारण खरं आहे. दुसरं कारणही तितकंच खरं आहे. आपला माणूस गेल्यावर लोक काय बोलतात, हे त्याच्या जिवंतपणी कुणाला ऐकायला मिळतं? मी चाल जरा हळू केली.

घरी पोचलो तर बातमी आमच्या आधी पोचून बसली होती. ज्या घरी कुणी जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारणी कडू भाकरी आणतात. ओट्यावर तीन घरचं पिठलं आणि भाकऱ्यांची चळत. बाहेरच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसलेल्या, मला बघताच त्यांनी सूर लावला. मी यंत्राकडं बघितलं. अठरा मिनिटं. दोन बाकी. दारात नात डोळ्यांनी ‘आजी, नको, नको’ म्हणत होती. मी खाली बसले, गाठोडं मांडीवर घेतलं. शेजारीण माझ्या गळ्यात पडून रडली. तिला माहीत नव्हतं, तिचं तोंड यंत्राला चिकटलं होतं.

आणि न्हाणीघरातून हाक आली, “अगं ए! माझा पंचा कुठं मेला?”

खोलीत जी शांतता पसरली, तशी पुण्यातसुद्धा कुणी गोळा केली नसेल.

“ऐकू येतंय का? उघडा उभा हाय हितं मी!”

एक बाई उठून पळाली. तिच्या पायानं पिठल्याचं पातेलं कलंडलं, तेही आलंय. शेवटी न्हाणीघराचं दार उघडलं आणि हे माझी दोरीवरची साडी गुंडाळून बाहेर आले. भरलेली खोली बघून बिचारे दचकले, हात जोडून हळू आवाजात म्हणाले, “कोण गेलं?”

मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, “तुमीच की ओ, भाऊसाहेब.”

“मला कुणी कळवलं न्हाय ते.”

वीस मिनिटं पूर्ण झाली. मी तोंड उघडलं आणि सगळ्यात आधी पोट धरून हसले. गल्लीनं मला अजून त्याची माफी दिलेली नाही.

शिंप्यांचा फोन तुळजापूरला गेला होता. लेक चाळीस मिनिटांत मोटरसायकलवर आला, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. बाप पिठलं-भाकरी खात बसला होता. आणलंय तर परत कशाला न्यायचं, असं त्याचं म्हणणं. लेक उंबऱ्यावरच बसला. बातमी ऐकून माकणी गावच्या आमच्या पाहुण्यांची जीप हार घेऊन निघाली होती, ती फोन करून माघारी फिरवली. मग त्याला कंठ फुटला.

“बास! जित्या बापाची माती करतंय व्हय तुमचं कॉलेज? उद्याच्याला नाव काढतो. आन् ते यंत्र हिकडं आण, पुसून टाकतो सगळं.”

“पप्पा, सहा वाजता पाठवायचंय.”

“आधी मला कळू दे ह्यो उद्योग कुणी सुरू केला. त्याला बघतो.”

आरोपी शोधायला म्हणून त्यानं हेडफोन घातले. मी त्याचा चेहरा बघत बसले. शिंप्याच्या दुकानापाशी तो दात खात होता. गिरणीपाशी आला आणि थांबला. यंत्र मागं नेलं, तेवढंच परत ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. मग हेडफोन काढून नीट घडी केल्यासारखे ठेवले आणि आरोपीचं नाव काही घेतलं नाही.

दुपारभर पोर नकाशा करत बसली. तिच्या खुणा बघून मला गंमत वाटली. आवाजाच्या खुणा थोड्या, आवाज थांबल्याच्याच जास्त. सडा थांबला, मशीन थांबलं, गिरणीवरच्या बायका थांबल्या. साडेपाचला लेक तिच्या मागं येऊन उभा राहिला आणि गिरणीच्या खुणेवर त्यानं बोट ठेवलं.

“हे सरांना ऐकू जाणार?”

“हो.”

“एवढं कापता येत न्हाय?”

“कापलं की नापास, पप्पा.”

तो खिडकीपाशी गेला, परत आला. “मग त्याच्या बाजूला लिही, लेक चाळीस मिनिटांत आला म्हणून.”

“ते ऐकू कुठं आलंय? नकाशात ऐकू आलेलंच असतं.”

मी मधे पडणार होते, पण ह्यांनी, पंचा परत खांद्यावर आलेल्या माणसाच्या रुबाबात, मला डोळ्यांनी दटावलं. लेक घड्याळाकडं बघत उभा होता. आता यंत्र त्याच्या हाताशी होतं, एक बटण दाबलं असतं तर गिरणीवरचं बोलणंही गेलं असतं आणि पोरीचं पुणंही.

“पाठव,” तो म्हणाला आणि बाहेर जाऊन मोटरसायकल पुसायला लागला. ती स्वच्छच होती.

पंधरा दिवसांनी निकाल आला. पोर पास झाली. पण सरांनी मार्क कापले होते आणि शेरा दिला होता, की गल्लीचे आवाज अस्सल आहेत, शेवटचा न्हाणीघराचा प्रसंग मात्र रचलेला वाटतो, आजोबांचा अभिनय भडक आहे.

शेरा ऐकून माझा लेक पेटला. “रचलेला? सरानं येऊन बघावं की! बटणं खालीवर लावून पळत आलो मी!” त्या आठवड्यात ना सण होता ना सुट्टी, तरी तो संध्याकाळी इथं हजर. एक अर्ज टाईप करून आणला होता: मी, खाली सही करणार, सदर दिवशी सदर वेळी राहत्या घरी आंघोळ करीत होतो व जिवंत होतो.

ह्यांनी चष्मा लावला. “‘जिवंत’ न्हाय लिहीत. ‘हयात’ लिही. आन् सोबत हयातीचा दाखला जोड, पेन्शनवाला हाय माझ्याजवळ.”

मी शाळेतल्या सवयीनं अर्ज तपासला. सगळं क्रमवार होतं. बादली, मशीन, पातेलं, पंचा. गिरणी नव्हती. मी लेकाकडं बघितलं, त्यानं अर्जाकडं.

“त्याचा मार्काशी संबंध न्हाय, आई.”

“मी कुठं काय म्हटलं?” मी म्हटलं, आणि खरंच काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, बापाचा हयातीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तो सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला, लेकीचे कापलेले चार मार्क सरांशी भांडून आणायला.