वर्नाने सभेत सांगितलेला जन्म

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका गावात वर्ना पेल्कीने बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली, पण आपला जन्म कुठला हे कधी कुणाला सांगितलं नाही. गावाबाहेर जुनं 'पुअर फार्म' होतं. निराधारांना गाव तिथे ठेवायचं आणि शेतात राबवून घ्यायचं. ते बंद पडून जमाना झाला होता. मार्चच्या गावसभेत त्याच इमारतीत स्वस्त घरं करायचा विषय निघाला, तेव्हा एल्डन नावाचा गवळी म्हणाला, "पाडून टाका ती! तिथे राहणाऱ्याला लोक नावं ठेवतील."

ऐंशीची वर्ना काठी टेकत उठली. "एल्डन, तुला रोज शाळेत मीच सोडायचे ना? माझा जन्म तिथलाच. आई तिथे सगळ्यांचे कपडे धुवायची. ठेव, मला नावं ठेव."

एल्डन ओशाळला. "वर्नाबाई, मला ठाऊक नव्हतं हो."

"कुणालाच नव्हतं. मला लाज वाटायची. पण तुमच्या पोरांना आज गावात घर मिळत नाही, त्याची लाज कुणाला वाटायला हवी?"

मतदानाला पहिला हात एल्डनचा वर गेला. दोन वर्षांनी तिथे चौदा बिऱ्हाडं आली. प्रत्येकाच्या दारी वर्ना सफरचंदाचा केक घेऊन गेली, आणि एका घरी तर सामान लावायलाही थांबली.