तुटलेलं लिहून द्या म्हणे

बस डेपोत फाटलेल्या सीटा शिवणाऱ्या बाईला सगळे सीटवाली मावशी म्हणत. जाड रेक्झिनमधून सुई ओढून ओढून तिची बोटं राठ झाली होती, आणि जिभेचं तर विचारूच नका. फोरमनसुद्धा तिच्या वाटेला जात नसे.

बहीण गेली तेव्हा तिची चिमुरडी हिने उचलून घरी आणली. लग्न न झालेल्या बाईला मूल कशाला हवं, म्हणून भावांनी आकाशपाताळ एक केलं. मावशी कोर्टाचे उंबरे झिजवत राहिली आणि मुलीला रीतसर दत्तक घेऊनच थांबली. भाऊ तुटले ते तुटलेच. तिला त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

आता मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आली, फी वाढली आणि सरकारी शिक्षणकर्जाची वर्षाची मर्यादा तोकडी पडली. दोघी कर्जाच्या कार्यालयात गेल्या. तिथला कारकून तसा भला माणूस. आवाज खाली आणून म्हणाला, "आईवडील असले की मर्यादा कमी. घरचे मदत करतील असं धरतात. ज्यांना कोणी नाही त्यांना जास्त. आईशी संबंध तुटलेत असं लिहून द्या. पुष्कळ जण देतात."

"लिही," मावशी म्हणाली.

"नाही लिहिणार."

"अगं, एक ओळ तर आहे. त्यानं काय माझ्या अंगाला भोकं पडणार आहेत?"

"तुझ्या नसतील पडत. माझ्या पडतील."

मावशीचा पारा चढला. "अक्कल गहाण टाकलीस का? अख्खं वर्ष हातचं जाईल."

"अर्धे विषय यंदा, अर्धे पुढच्या वर्षी. फी पण अर्धी अर्धी, ती मर्यादेत बसते. कॉलेजात विचारून आलेय मी."

"आणि नोकरी लांबेल ती?"

"लांबू दे. तू माझ्यासाठी सगळ्या घराशी वैर घेतलंस, आणि मी तुला एका वर्षासाठी सोडू?"

मावशीला राग आला होता आणि तो खोटा नव्हता. पण त्या रागाच्या पोटात तिला इतका आनंद झाला की तिला तोंड फिरवून खिडकीकडे बघावं लागलं.

कारकुनाने कमी मर्यादेचाच अर्ज पुढे सरकवला. "मुलगी फार हट्टी आहे हो तुमची."

"माझ्यावरच गेलीय," मावशी म्हणाली, आणि आईच्या नावापुढे तिने सही ठोकली.