मामांचा इटालियन नकार

आमच्या हिच्या मामांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत कुणालाही, कशालाही, कधीही 'नाही' म्हटलं नव्हतं. जावई म्हणून मी कौतुकाने वाढवून सांगतोय असं वाटेल, पण बोरी बुद्रुकमध्ये कुणालाही विचारून खात्री करावी. तसं आमच्या जुन्नर-आंबेगावकडे तोंडावर 'नाही' कुणीच म्हणत नाही. आम्ही 'बघू' म्हणतो, 'सांगतो की' म्हणतो, 'तुमी व्हा पुढं, आलोच' म्हणतो, आणि ऐकणाराही काय ते समजून दुसरा माणूस शोधायला लागतो. मामांना एवढंही जमायचं नाही. ते 'बघू' म्हणाले की खरोखरच चपला घालून बघायला जायचे. मी पडलो शाळामास्तर, शिनोलीत राहणारा. पोरांना दिवसातून चाळीस वेळा 'नाही' म्हणणं हा माझ्या नोकरीचाच भाग. त्यामुळे हा माणूस आतून कसा काय बनवलेला आहे, याचं मला लग्नाच्या मांडवापासून कुतूहल होतं.

एकदा त्यांनी एकाच सकाळी तिघांना ट्रॅक्टर कबूल केला. तिघंही बांधावर आले आणि हमरीतुमरीवर गेले. मामांनी तिघांना चहा पाजला, दोघांना अर्धा-अर्धा दिवस ट्रॅक्टर दिला आणि तिसऱ्याच्या रानात स्वतः कुदळ घेऊन गेले. सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलांनी त्यांना प्रचाराला बोलावलं. मामांनी मोटारसायकलच्या पुढे एका पॅनेलचं चिन्ह लावलं आणि मागे दुसऱ्याचं, त्यामुळे मामा येताना एका पक्षाचे असत आणि जाताना दुसऱ्याचे. पण कळस झाला तो उसाच्या मोकळ्या रानात. बिबट्यासाठी पिंजरा ठेवायला वनखात्याच्या माणसांनी जागा मागितली, ती मामांनी दिली. त्याच दिवशी एका धनगराने खतासाठी त्याच रानात मेंढ्या बसवू का म्हणून विचारलं, त्यालाही हो म्हणाले. संध्याकाळी दीडशे मेंढ्या घेऊन आलेला तो म्हातारा पिंजऱ्याकडे आणि मामांकडे आळीपाळीने बघत राहिला. "पाटील," तो म्हणाला, "तुमी नक्की कुणाच्या बाजूनं हाय?" मामांनी त्यालाही मान डोलावली.

मामी याच्या अगदी उलट. त्यांचा नकार तव्यावरच्या भाकरीसारखा, ताजा आणि चटका देणारा. दारावर आलेला मिक्सरवाला मामा घरात आहेत की रानात याचा अंदाज घेऊनच आवाज द्यायचा. त्या घरात तेव्हा चार मिक्सर होते. पण एक ठिकाण असं होतं की तिथे मामींचा नकार चालणार नव्हता, आणि गोष्ट खरी सुरू होते ती तिथेच.

मामांची थोरली बहीण म्हणजे माझ्या सासूबाई, येडगावच्या. मामा पाच वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि या आक्कांनीच त्यांना वाढवलं. आक्का लग्न होऊन येडगावला गेल्या तेव्हा मामाही त्यांच्यासोबत गेले आणि चौथीपर्यंत तिथेच शिकले. आता मामांची एकुलती एक कावेरी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आक्कांच्या मनात तिला आपल्या प्रदीपसाठी करून घ्यायचं होतं. आमच्याकडे भावाच्या मुलीवर बहिणीचा हक्क असतो. मागणी घालणं हा नुसता उपचार, उत्तर धरूनच चालतात. आणि प्रदीप, माझा मेहुणा, मुलगा म्हणून कुठे बोट ठेवायला जागा नाही असा. पण कावेरीने माघ महिन्यातच वडिलांना सांगून टाकलं होतं. "अप्पा, परदीपदादाला मी राखी बांधलीये धा वर्सं. मला न्हाई जमायचं. आत्याला तुमी सांगा." मामा अर्थातच हो म्हणाले. आक्का अक्षय्य तृतीयेला पेढे आणि साडी घेऊन येणार हे साऱ्या भावकीला ठाऊक होतं. मामींनी हात झटकले. "तुमची भन, तुमी बोला. मी बोलले तर जल्मभर मीच वाईट." मामांचं जेवण तेव्हापासून कमी झालं, हे मामी सांगत होत्या आणि त्यांच्या सैल पडलेल्या सदऱ्यावरून दिसतही होतं.

नेमका त्याच दिवसांत मार्को आला. जवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये इटलीहून मशीन आलं होतं आणि ते जोडायला आलेल्या या माणसाला महिनाभर राहायला खोली हवी होती. पॅकहाउसच्या मालकाने ती कुणाकडे मागितली असेल ते वेगळं सांगायला नको. मार्को पन्नाशीचा, टकला, हसरा, आणि हातांशिवाय बोलू न शकणारा. मोबाइलमधलं भाषांतर, दहावीचं इंग्रजी आणि हातवारे यांवर दोघांचं उत्तम चालायचं. आठवड्याभरातच मामांनी मला फोन केला. आवाजात नवलाई नुसती ओसंडत होती. "पावणं, ह्यो मानूस दिसाला पन्नास टाइम न्हाई म्हंतो, आन तरी समद्यांचा लाडका हाय! पॅकहाउसची मान्सं त्याच्यावर जीव टाकत्यात. ह्ये कसं काय असंल?"

रविवारी गेलो तर मामा शेडमध्ये दोनशे पानी वही घेऊन बसले होते. वहीवर ठळक अक्षरांत 'नाही' आणि आत इटालियन नकार, देवनागरीत, एकेका पानावर एकेक, खाली कधी वापरायचा त्याची टीप. 'माक्के' म्हणजे 'छे, कसलं काय'. 'नेम्मेनो पेर सोन्यो' म्हणजे स्वप्नातसुद्धा नाही. "ह्यो लई कडक हाय, ह्यो मिक्सरवाल्याला," मामा म्हणाले. 'पुर्त्रोप्पो नो' म्हणजे नाही, पण माझं नशीबच फुटकं म्हणून नाही. 'दिरेई दी नो' म्हणजे मला विचाराल तर मी आपला नाही म्हणेन म्हणतो. या शेवटच्यावर मामांचा फार जीव होता. "ह्यात बगा, न्हाई हाय, पन ते पार आतल्या खोलीत बसलंय." मार्को बाजूला बसून उच्चार सुधारत होता. त्याच्या आजीच्या गावाकडे, इटलीच्या दक्षिणेला, शब्दाचीही गरज नसते म्हणाला. हनुवटी वर उचलायची आणि जीभ टाळूला लावून 'च्यक' करायचं, झाला नकार. मी चमकलो. भीमाशंकराकडच्या डोंगरातून तांदूळ विकायला येणाऱ्या बायका भाव पाडून मागितला की हुबेहूब हेच करतात. एवढा समुद्र ओलांडून हे 'च्यक' तिकडून इकडे आलं की इकडून तिकडे गेलं, यावर आम्ही तिघांनी दुपारभर डोकं चालवलं आणि मामींनी दोनदा चहा केला.

मामांनी वहीतले नकार वापरायला सुरुवात केली, पण त्यांच्या स्वभावाने तिथेही घोळ घातला. पंपसेट मागायला आलेल्या शेजाऱ्याला ते अत्यंत प्रेमाने, हात हातात घेऊन 'पुर्त्रोप्पो नो' म्हणाले. शेजाऱ्याला वाटलं, हा कसला तरी आशीर्वाद असावा. तो "तुमची किरपा" म्हणून पंपसेट घेऊन गेला. मी म्हटलं, "मामा, समोरच्याला कळायला नको का?" मामा खाली बघून म्हणाले, "न्हाई कळलं तरच माझ्या तोंडून निगतंय, पावणं." तेव्हा मला हसू आलं नाही. मला त्यांची दया आली, आणि धास्तीही वाटली, कारण अक्षय्य तृतीया चार दिवसांवर होती.

त्या दिवशी सासूबाईंना बोरीला घेऊन जायचं माझ्याच वाट्याला आलं. आक्का ओसरीवर बसल्या, पिशवीतून हिरवी साडी, नारळ आणि पेढ्यांचा पुडा काढून पुढे ठेवला आणि एकाच वाक्यात म्हणाल्या, "पोरगी मला दे." आत कावेरी दाराआड उभी होती. मामांनी घसा साफ केला. "आक्का, दिरेई दी नो." आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, ह्याला काय झालंय?" मामांनी 'पुर्त्रोप्पो नो' म्हणून पाहिलं. मग मार्कोकडून उचललेली एक खूण त्यांच्या हाताने आपोआप केली, पाचही बोटं एकत्र जुळवून, टोकं वर करून, छातीसमोर हलवत. आक्कांना वाटलं, भाऊ पेढा मागतोय. त्यांनी हसत पुडा सोडला आणि त्या जुळलेल्या बोटांत एक पेढा ठेवला.

तो पेढा तोंडात गेला असता की सोयरीक पक्की. मामा त्या पेढ्याकडे बघत राहिले. मग दाराकडे बघितलं. मग तो पेढा त्यांनी हलकेच पुड्यात परत ठेवला आणि साध्या बोरीच्या बोलीत म्हणाले, "न्हाई, आक्का. पोरीचं मन न्हाई. मी न्हाई दिऊ शकत."

आक्का रागावल्या नाहीत, ते फार वाईट झालं. "बरं," एवढंच म्हणाल्या. साडीची घडी मोडलीही नव्हती, तरी पुन्हा नीट केली आणि पिशवीत ठेवली. परतताना नारायणगाव आलं. मग काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "त्याला कडंवर घेऊन मी धरनाच्या कडंनं पानी आनायची."

मार्को मशीन जोडून परत गेला. कावेरी परीक्षा देऊन पुढच्या शिक्षणाला राहुरीला गेली. नागपंचमीला आक्का माहेरी आल्या नाहीत, राखी आली नाही. आणि मामांची गंमत अशी की तेवढा एक नकार दिल्यावर त्यांचं बाकी सगळं पूर्ववतच राहिलं. पाचवा मिक्सर श्रावणात आला. वही मात्र त्यांनी पुन्हा उघडली नाही. मी विषय काढला तर म्हणायचे, "पावणं, त्या भाषेत सोपं व्हतं. तिथं माजी आक्का न्हाई."

भाऊबिजेला आम्ही दोघं येडगावला होतो, ही प्रदीपला ओवाळत होती. दुपार टळायला आली आणि अंगणात मोटारसायकल थांबली. मामा बिनबोलावता आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, आणि पायरीखालीच उभे होते. प्रदीपने जाऊन पाया पडून "या मामा" म्हटलं, तरी ते वर चढेनात. शेवटी आक्का दारात आल्या. पदराला हात पुसत त्यांनी पायरीखाली बघितलं. मग विचारलं,

"जेवून आलास?"

बहिणीला त्रास नको म्हणून मामा आयुष्यभर या प्रश्नाला काय म्हणत आले असतील, ते मी सांगू शकतो. पण या वेळी ते तिच्याकडे सरळ बघत म्हणाले, "न्हाई, आक्का. सकाळपासून कायबी न्हाई."

आक्का आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, पाट मांडल्याचा झाला. सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. कावेरीचं नाव त्या जेवणात कुणी काढलं नाही, आणि आक्का मामांशी बोलताना पूर्वीसारख्या हसल्याही नाहीत. पण मामांना ओवाळून ताट वाढल्यावर त्या समोरच बसून राहिल्या, मामा शेवटचा घास घेईपर्यंत, लहान मुलाचं ताट बघत बसावं तशा.