'नाही भेटत' म्हणणारे पंच

पंचांनी माझ्यासमोर एकाही सिनेमाला चांगला किंवा वाईट म्हटलं नाही. त्यांच्याकडे दोनच निकाल होते, 'भेटते' आणि 'नाही भेटत'. भेटते म्हणजे पुरस्कार. सिनेमा मारामारीचा असो, भुताचा असो की सासू-सुनेचा, तो संपल्यावर त्याला पुरस्कार मिळेल की नाही एवढाच प्रश्न त्यांच्या लेखी उरायचा. शेवटी नायकाचं लग्न झालं की नाही हे दुसऱ्या दिवशी विचारलं, तर त्यांना आठवत नसे.

करडीत त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. ग्रामपंचायतीशी त्यांचा संबंध नळयोजनेच्या मोटरपुरता. तरी गावानं त्यांना पंच ठरवलं होतं आणि त्यांनीही ते पद नाकारलं नव्हतं. उन्हाळी धानाला पाणी देता देता लोकांच्या मोटरी जळायच्या आणि पंचांकडे यायच्या. पंच मोटर उघडून जळकी तार उपसत, नवी तार भरत, आणि हात कामात असताना तोंडानं सिनेमा चालवत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदलून आलो, तेव्हा शाळेच्या बोअरची मोटर घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. मोटर दोन दिवसांत परत मिळाली. मी मात्र अकरा वर्षं तिथेच बसलो. आमच्यातले तिसरे दूध संकलन केंद्राचे शेषराव. त्यांना प्रत्येक सिनेमा आवडायचा, त्यामुळे त्यांच्या मताला किंमत नव्हती.

नवा सिनेमा लागला की रविवारी आम्ही तिघं दोन गाड्यांवर भंडाऱ्याला जायचो. परतताना नियम असा, की वैनगंगेचा पूल येईपर्यंत सिनेमाबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. "गरम मोटरले हात लावू नये, गुरुजी," पंच सांगायचे. "थंडी होऊ द्या, मंग पाहू काय जळलं ते." पुलावर गाड्या लावून, कठड्याला टेकून ते निकाल द्यायचे. शेषरावांना तेवढा दम निघत नसे. एकदा त्यांनी वाटेतच "हिरोइन मस्त होती" म्हणून टाकलं. पंचांनी त्या दिवशी त्यांच्यापुरता निकाल राखून ठेवला, तो शेषरावांना मंगळवारी मिळाला.

पुरस्कारांबद्दल त्यांचे काही सिद्धान्त होते. नायकानं पंधरा किलो वजन कमी केलं तर त्याला देशातला पुरस्कार मिळतो. परदेशातला हवा असेल, तर सिनेमात एक शेळी पाहिजे आणि ती कोणाला तरी विकावी लागली पाहिजे. पंचांचे बहुतेक अंदाज चुकायचे. यादी जाहीर झाली की शेषराव ती मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवायचे. पंच शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "परीक्षकायनं घाई केली." त्यांच्या आवाजात राग नसे, कीवच असे.

त्यांच्या ह्या न्यायबुद्धीचं मूळ मंडईतल्या नाटकात होतं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटक होतं. एखाद्याचं काम आवडलं तर लोक नाटक संपायची वाट पाहत नाहीत, तिथल्या तिथे माइकवरून नाव पुकारून बक्षीस देतात. तेवढ्यापुरता मेलेला बापसुद्धा उठून नमस्कार करतो आणि परत मरतो. पंच ह्यातच वाढले होते. भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये एकदा एका पोस्टमनचं दोन मिनिटांचं काम पाहून ते खुर्चीवरून उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "करडीच्या पंचाकडून पोस्टमनले बक्षीस, एकावन रुपये." बॅटरी घेऊन मॅनेजर आला. पंचांनी त्याच्या हातात पैसे ठेवले आणि पोचते करा म्हणून सांगितलं. मॅनेजर इतका गोंधळला की त्यानं ते घेतले. माझी लाजेनं मान खाली गेली होती. पुलावर पंच मला म्हणाले, "चांगल्या कामाले आवाज आला पायजे, गुरुजी. ज्याले आवाज नाही, ते काम पडलं समजाचं."

त्यांचा भाचा मंगेश पुण्याला सिनेमाचं शिकून आला आणि त्यानं करडीतच सिनेमा करायचं ठरवलं. गोष्ट साधी होती. धान ऐन निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या, वेळी एका घरची मोटर जळते आणि ती दुरुस्त होईपर्यंत घरातले चौघं काय काय करतात, एवढीच. मोटर भरणाऱ्या म्हाताऱ्याचं काम अर्थातच पंचांचं. त्यांनी नवा शर्ट शिवला, तुमसरला जाऊन पावडर आणली. मंगेशनं दोन्ही काढायला लावलं. "मामा, काही करू नका. मोटर भरा फक्त," तो म्हणाला. पंचांना हे पटलं नाही, पण दिग्दर्शकापुढे त्यांचं चालेना. समोर शेतकरी बसला आहे, पंच तार भरत आहेत, असं सात मिनिटं. शेवटी त्यांनी मान वर करून एकच वाक्य बोलायचं होतं, "होते दुरुस्त." ते वाक्य त्यांनी महिनाभर घोकलं. मामी, म्हणजे पंचांच्या पत्नी, त्यांना सारं गाव मामीच म्हणायचं, त्या मला सांगत होत्या की जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी उत्तर "होते दुरुस्त" असंच येतं.

सिनेमा महोत्सवांना पाठवण्याआधी मंगेशनं तो गावाला दाखवला. आमच्या शाळेचा हॉल, भर दुपार, खिडक्यांवर ताडपत्र्या. पडद्यावर गावचा हनुमान आला, शिट्ट्या पडल्या. शेषरावांची म्हैस आली, तिला टाळ्या मिळाल्या. मग पंच आले आणि हॉलमध्ये चिडीचूप झालं. सात मिनिटं कोणी खोकलं नाही. माझ्या शेजारी एकजण फुटाणे खात होता, त्याचा हात पुडीतच राहिला. हे आपले पंच आहेत हे मी विसरलो होतो. मोटर होईल की नाही, ह्याच काळजीत मी होतो. भानावर येऊन पाहिलं, तर पंच पडद्याकडे पाहतच नव्हते. ते लोकांकडे पाहत होते.

सिनेमा संपल्यावर त्यांनी मंगेशला गाडीवर बसवलं आणि आम्ही पुलावर गेलो. इतर कुठे ते निकाल देऊच शकत नव्हते. ऊन उतरलं होतं. पंच म्हणाले, "भेटते."

मंगेशनं त्यांचे पाय धरले.

"पन माह्यं काम काढून टाक. सातही मिनिटं."

"काहून, मामा?"

"शेषरावच्या म्हशीले टाळ्या भेटल्या. मले खोकलाबी नाही भेटला. तुह्या सिनेमाची कॉइल तिथंच जळून रायली."

मंगेशनं परोपरीनं सांगितलं. मग तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमी सांगा ना यायले."

मला सांगता आलं असतं. ज्या कामाची आयुष्यभर वाट पाहिली ते ह्या माणसाला मिळालं होतं आणि तो ते जळक्या तारेसारखं उपसून फेकत होता. पण अकरा वर्षांत पुलावर पंचांचा निकाल कोणी खोडला नव्हता, आणि मला ती सवय नव्हती. मी म्हणालो, "पंच म्हणतात ते बरोबर असेल."

मंगेशनं ती सात मिनिटं काढली. सिनेमाला कुठल्याशा दूरच्या महोत्सवात परीक्षकांची खास शाबासकी मिळाली. त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स पंचांनी दुकानात लावली आणि मोटर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवली. आपला अंदाज बरोबर आल्याचा त्यांना एवढा आनंद झाला होता की मीही मनाची समजूत घातली. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ते दोन दिवस होते. शेषराव आणि मी बाहेरच्या बाकावर बसून होतो.

पंचांच्या तेरवीनंतर मंगेश लॅपटॉप घेऊन आला. काढलेली सात मिनिटं त्यानं जपून ठेवली होती. दुकानात मामींसमोर त्यानं ती लावली. मामी मांडीवर हात ठेवून पाहत राहिल्या. पंचांनी शेवटी मान वर केली, "होते दुरुस्त" म्हणाले आणि चित्र थांबलं.

"कसं वाटलं, मामी?" मी विचारलं. इतक्या वर्षांत कोणत्याही सिनेमाबद्दल आम्ही त्यांना हे विचारलं नव्हतं.

"काम बरोबर केलं त्यायनं," मामी म्हणाल्या. "काढाले नव्हतं पायजे."

"लोकं चूप होते ना," शेषराव म्हणाले. "त्यायले वाटलं, पडलं आपलं काम."

"लोकं पाहून रायले होते, भाऊ. मी होती ना तिथं." मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. "तुमी सांगाचं होतं त्यायले, गुरुजी. तुमचं ऐकलं असतं त्यायनं. तुमाले तर समजत होतं."

मला समजत होतं.